जिन्यावरची पावलं

‘‘सिनेमा आवाज बंद करून बघितला, पल्लवी. तो माणूस दाराकडे बघतो आणि एकदम रडायला लागतो. का, ते नोराला कळणारच नाही.’’

फोनवर एनिस गावचे डेक्लन होते, आमचे क्लायंट. लॉकडाऊनमुळे त्यांचा फिल्म क्लब ऑनलाइन आला होता. शनिवारी एक जुना फ्रेंच सिनेमा होता, भुताच्या कादंबरीवरचा. नोरा त्यांची बायको. म्हातारपणी तिचे कान पार गेले आणि तिने सिनेमाला बसणंच सोडलं. ‘‘महत्प्रयासानं तयार केलंय. या वेळी जमलं नाही, तर पुन्हा बसायची नाही ती.’’

मी सिनेमांच्या कॅप्शन करते, पडद्यावर खाली येणाऱ्या ओळी. ऑफिस क्लोनडॉकिनला, पण लॉकडाऊनमध्ये अर्थात घरचं स्वयंपाकघरातलं टेबल. कॅप्शन म्हणजे नुसते संवाद नव्हेत. ऐकू न येणाऱ्यासाठी दाराची करकर, शीळ, सगळं लिहायचं असतं. आलेल्या फाइलमध्ये फक्त संवाद होते. आणि यातलं भूत कधी दिसतच नाही! वारलेली बायको परत येते ती जिन्यावरच्या पावलांनी.

मी लिहून टाकलं : [मेलेली बायको जिना चढते].

माझी बॉस शवॉन व्हिडिओ कॉलवर हसली. ‘‘ग्रँड. म्हणजे भूत तूच दाखवून टाकलंस.’’

‘‘मग काय, नुसतं ‘पावलं’ लिहू? कुणाचीही असतील.’’

‘‘ऐकणाऱ्यांना कसं कळतं गं?’’

प्रश्न रास्त होता, म्हणून जास्तच राग आला. हेडफोन लावून पुन्हा पहिल्यापासून बसले. सुरुवातीला बायको जिवंत असते, एक पाय अधू. जिना चढते तेव्हा एक पाऊल ठाम पडतं, दुसरं फरफटतं. नवरा त्याकडे लक्षही देत नाही. माणूस घरात असतं तेव्हा कोण देतं?

तिथेच लिहिलं : [पावलं, एक ठाम, एक फरफटत]. शेवटी, रिकाम्या जिन्यावर, तेच शब्द जसेच्या तसे. शवॉननं लगेच फाइल पाठवून दिली.

रविवारी डेक्लनचा फोन आला.

‘‘तो अजून दाराकडे वळलासुद्धा नव्हता. नोरानं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, ‘आली बघ ती. मी ऐकलं.’ ’’

मग थँक्यू म्हणाले.

आमच्या कामात आवाज आपण लिहायचा. ओळखणं मात्र बघणाऱ्याकडे सोडायचं. त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.