डोंगरावरच्या गावाची ड्रायव्हर

ओमानमध्ये येऊन अकरा वर्षं झाली तरी मला गाडी येत नव्हती. पुण्यात स्कूटर चालवली होती, पण इथे गाडीच्या तीन पेडलांपुढे माझे दोन पाय गोंधळायचे. अल खौदला राहायला आलो, मुलीची शाळा लांब पडायला लागली आणि नवऱ्याची शिफ्ट बदलली, तेव्हा मी एकदाची ड्रायव्हिंग शिकायला लागले.

इथे रस्त्यावरच्या परीक्षेआधी दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक पिपांची. उभ्या केलेल्या पिपांच्या मधे, एकालाही धक्का न लावता गाडी रिव्हर्स घ्यायची. ती मी पहिल्याच फटक्यात पास झाले. दुसरी चढाची. चढावर मध्येच गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुढे काढायची. त्यात मी दोनदा नापास झाले होते. दोन्ही वेळा गाडी घरंगळत मागे आली आणि माझी ओमानी शिक्षिका बाहेरून "शुवय, शुवय", म्हणजे हळू हळू, असं ओरडत राहिली.

दुसऱ्यांदा नापास झाले त्या दिवशी परीक्षेच्या मैदानाच्या कडेला शेडमध्ये एक बाई उशी पोटाशी धरून बसली होती. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान, अगदी ठेंगणी, फुलाफुलांचा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेला. ती इंडोनेशियाची होती. अल खौदच्याच एका ओमानी घरात कामाला होती. तिथल्या मुलांना शाळेत सोडायचं काम तिला द्यायचं असं घरच्या बाईने ठरवलं होतं.

"उशी कशाला?" मी विचारलं. आमचं बोलणं अर्धं अरबीत, अर्धं हिंदीत आणि उरलेलं हातवाऱ्यांनी चालायचं.

"उशीशिवाय समोरचं दिसत नाही. उशी घेतली की पाय पोचत नाहीत. तीनदा पीप पाडलं."

"आणि चढ?"

ती हसली. "चढ येतो. माझं गावच चढावर आहे."

तिने मला 'काका' म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी चमकलेच. त्यांच्याकडे मोठ्या भावंडाला, मग ती बहीण असली तरी, असंच काहीतरी म्हणतात. आमच्याकडे हा वडिलांचा भाऊ, असं सांगितल्यावर ती इतकी हसली की उशी खाली पडली. मग मी तिची काकाच झाले.

घरं जवळ होती. शुक्रवारी दुपारनंतर तिला सुट्टी असायची. आम्ही जवळच्या एका किराणा दुकानामागच्या मोकळ्या जागेत भेटायला लागलो. लायसन्सशिवाय गाडीला हात लावता येत नव्हता, म्हणून दुकानाची ट्रॉली घेतली. दुकानदार केरळचा. आधी त्याने कपाळाला हात लावला, मग स्वतःच एक चांगल्या चाकांची ट्रॉली निवडून दिली. पाण्याच्या चार मोठ्या बाटल्या मी पिपांसारख्या मांडल्या. "मान वळवून सगळं शोधायचं नाही," मी तिला सांगायची, "उजव्या आरशात एकच बाटली धर. ती सुटली नाही, तर बाकीच्या आपोआप सांभाळल्या जातात." ती हातात छोटा आरसा धरून, पाठमोरी, ट्रॉली ओढत बाटल्यांमधून जायची. पहिल्या शुक्रवारी सगळ्या बाटल्या आडव्या झाल्या.

मग माझी पाळी. सामान उतरवण्यासाठी तिथे सिमेंटचा एक उतार होता. ती ट्रॉलीत त्याच बाटल्या भरायची, मला वर ढकलायला लावायची आणि मध्येच "थांब" म्हणायची. थांबले की ट्रॉली माझ्या अंगावर यायची.

"काका, तू आधी पाऊल टाकतेस. आधी वजन हातात येऊ दे, मग पाऊल. आम्ही दगड असेच वर नेले."

"कसले दगड?"

तेव्हा तिने गावाची गोष्ट सांगितली. जावा बेटावर एका डोंगराच्या अंगावर चाळीसेक घरं. बांबूच्या विणलेल्या भिंती, वर कौलं. पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, त्यांच्या वर कोबी आणि मिरची. झऱ्याचं पाणी बांबूच्या पन्हळींतून घराघरात यायचं आणि जोराच्या पावसात पन्हळ सुटली की सगळी आळी चिखलात ती शोधत फिरायची. शाळेत सहा वर्ग आणि तीन मास्तर. भात संपला की कसावा, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, उकडून खायचा. फोनची रेंज अजूनही फक्त मशिदीच्या पायऱ्यांवर.

आणि रस्ता नव्हता. आजारी माणसाला लुंगीच्या झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून चौघं खाली न्यायचे. दोन तास लागायचे. तिचे वडील त्या झोळीतच गेले, अर्ध्या वाटेवर.

"मग गावाने ठरवलं," ती म्हणाली. "दर रविवारी प्रत्येक घरातून एक माणूस. आमच्या घरातून मी. बारा वर्षांची होते. नदीतून दगड वर आणायचे आणि वाटेवर बसवायचे. तीन उन्हाळे लागले. कोणी बाहेरचं आलं नाही."

"आणि मग?"

"मग मोटरसायकली आल्या. माझ्या बहिणीला कळा लागल्या तेव्हा भर पावसात मीच तिला खाली सुईणीकडे नेलं. मुलगी झाली. आता ती माझ्याहून उंच आहे." हे सांगताना तिने हात डोक्याच्या वर नेला. तो अभिमान मला अजून दिसतो.

पुढच्या शुक्रवारी मी ट्रॉली थांबवली, डोळे मिटले आणि वजन तळहातांवर येऊ दिलं. ट्रॉली हलली नाही. मग पाऊल टाकलं. दोन दिवसांनी शिकवणीच्या गाडीत क्लच सोडताना तेच वजन मला तळपायाखाली लागलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा शिक्षिका काहीच ओरडली नाही.

परीक्षेची तारीख आम्ही एकच मागून घेतली. आधी तिची पिपं. मी शेडमधून पाहत होते. गाडीच्या खिडकीत फक्त रुमालाचं टोक दिसत होतं. गाडी इंचाइंचाने मागे गेली, थांबली, वळली आणि पिपांच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली. मी टाळ्या वाजवल्या. परीक्षा घेणाऱ्या पोलिसाने वळून पाहिलं, तरी वाजवत राहिले.

मग मी चढावर. थांबले. मागे आणखी एक गाडी उभी होती. "आधी वजन," मी मोठ्याने म्हणाले, तेही मराठीत. शेजारच्या पोलिसाला वाटलं मी दुआ म्हणतेय. गाडीचं नाक जरा वर आलं, मी ब्रेक सोडला आणि गाडी सरळ वर गेली. "मबरूक," तो म्हणाला. अभिनंदन! मी खाली उतरले तेव्हा ती धावत येत होती. आम्ही दोघींनी त्या तापलेल्या मैदानात मिठी मारून उड्या मारल्या. ती पोरीसारखी रडली, मीही.

रस्त्याच्या परीक्षेतही दोघी पास झालो. ती पहिल्याच प्रयत्नात, मी दुसऱ्या. पुढची दोन वर्षं ती रोज सकाळी तीन मुलांना मागे बसवून माझ्या घरावरून जायची आणि हॉर्न वाजवायची. माझी मुलगी वैतागायची, "आई, युअर फ्रेंड इज सो लाउड!" मला तो हॉर्न ऐकल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

यंदा ती कायमची गावी परतली. विमानतळावर तिला मीच सोडलं. मोठ्या हायवेवर, ट्रकांच्या रांगेतून, मागे दोन बॅगा आणि शेजारी ती, तीच उशी मांडीवर घेऊन. वाटेत एकदाही तिने पाय दाबून काल्पनिक ब्रेक मारला नाही. माझा नवरा अजून मारतो.

गेल्या आठवड्यात तिचा व्हिडिओ आला. गावाने मिळून जुना छोटा टेम्पो घेतला आहे आणि तो चालवते ती. तिकडचं लायसन्सही काढलं. दर पाच दिवसांनी खाली बाजार भरतो. कोबी आता डोक्यावरून जात नाही. व्हिडिओत ती स्टीअरिंगमागे बसली होती, शेजारी पान चघळणारी आई, आणि मागे बायका ओरडत, हात हलवत होत्या. त्यांच्यात पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ पोत्यांना घट्ट धरून बसले होते.

"हे कोण?" मी फोनवर विचारलं.

"गावाचे प्रमुख," ती म्हणाली. "पुढची जागा मागत होते. मी सांगितलं, तिथे माझी आई बसते."