मला ऐकू येत नाही, हे ओळखणाऱ्या शकुंतलाबाई

गावात मला सगळे येडी म्हणायचे. घरचेसुद्धा.

ज्यांनी ते थांबवलं, त्या शकुंतलाबाई परवा गेल्या. माझ्या दुसरीच्या बाई.

चार वर्षांची असताना मला गोवर झाला. त्यातून उठले, पण हाक मारली तर बघेना, सांगितलेलं करेना. गोवर डोक्यात गेला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. चिंचवडच्या पलीकडे, नदीकाठी आमचं गाव. आज तिथे टॉवर आहेत. तेव्हा ज्वारी होती आणि देवळाच्या ओवरीत भरणारी शाळा.

बाई पुण्याहून आल्या. वय वीससुद्धा नसेल. गावात एक खोली घेऊन एकट्या राहायच्या. एकटी बाई म्हणून बायकासुद्धा त्यांच्याशी जपून बोलायच्या.

आईनं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तिला काय बी कळत न्हाई बाई. बसू द्या कोपऱ्यात. त्रास न्हाई द्यायची."

मी खरंच त्रास द्यायचे नाही. पोरं पाढे म्हणायची तेव्हा मीही तोंड उघडायचे, मिटायचे.

बाईंनी ते पाहिलं असणार.

एक दिवस त्यांनी माझ्या पाठीमागे पितळी थाळी दगडावर आपटली. अख्खा वर्ग मागे वळला. मी पाटीवर मोर काढत होते.

मग त्या पुढे येऊन माझ्यासमोर खाली बसल्या. सावकाश म्हणाल्या, "तुला ऐकू येत नाही ना गं?"

ओठ बघून मला कळलं. मी मान हलवली.

तीन वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी पुढे बसले. कुठलं ट्रेनिंग नाही, पुस्तक नाही, बाई आपल्या मनानं शिकवत गेल्या. फळ्यावर लिहून झालं की वळून, माझ्याकडे बघून बोलायच्या. माझा हात आपल्या गळ्यावर ठेवायच्या, म्हणजे 'प' आणि 'ब' मधला फरक बोटांना कळायचा. शाळा सुटल्यावर रोज तासभर.

वर्षअखेरीला शाळा तपासायला मोठे साहेब यायचे होते. हेडमास्तर म्हणाले, "त्या पोरीला त्या दिवशी घरी ठेवा. रिझल्ट खराब नको."

बाई म्हणाल्या, "हजेरीत नाव आहे तिचं. ती येणार."

साहेब आले. माझ्यासमोर उभे राहून काहीतरी विचारलं.

मला काहीच कळलं नाही. साहेबांच्या मिशा एवढ्या मोठ्या, की ओठच दिसेनात!

हेडमास्तर पुढे झाले. "मुलगी अधू आहे साहेब. पुढचीला विचारा."

बाई माझ्यासमोर आल्या आणि तोच प्रश्न त्यांनी पुन्हा म्हटला. साहेब चिडले. "उत्तर सांगताय का बाई?"

"नाही साहेब. प्रश्न सांगतेय. तिला ऐकू येत नाही, ती ओठ वाचते. तुमच्या मिशा आड येतात."

हे सगळं आईनं मला नंतर सांगितलं. ती ओवरीच्या खांबाशी उभी होती. मला फक्त एवढं दिसलं, की बाई पुन्हा माझ्याकडे वळल्या.

प्रश्न होता, सात अठ्ठे किती.

मी म्हणाले, "छप्पन."

साहेबांनी खडू घेतला आणि आणखी चार गणितं स्वतः फळ्यावर लिहिली. चारही बरोबर आली. त्यांनी मला तिसरीत घातलं.

आई घरी जाऊन रडली. त्या दिवसापासून घरात मला कुणी येडी म्हटलं नाही.

दोन महिन्यांत बाईंची बदली झाली. चाकणच्याही पुढे, खेडकडे. कुणी म्हणे हेडमास्तरांनी केली, कुणी म्हणे मिशांनी.

जाताना म्हणाल्या, "पुढेच बस. शिकवणाऱ्याला सांग, माझ्याकडे बघून बोला. लाजू नकोस."

मी नव्या गुरुजींना सांगितलं. एकदाच. त्यांनी कानफटात मारली.

मग पुस्तकं पाठ करून चौथी झाले. वर्गात चाळीस पोरं आणि मी एकटी. तेव्हापासून एकटेपणाची सवय झाली म्हणा ना.

लग्न झालं. पुढे पिंपरीत कंपनीत पॅकिंगला लागले. मशिनच्या आवाजात बाकीच्या बायकांना एकमेकींचं ऐकू यायचं नाही, मला मात्र सगळ्यांचं कळायचं. ती वर्षं बरी गेली.

मिस्टर गेले. मुलगा हिंजवडीला असतो, चांगला आहे. पण मोबाइलमध्ये मान घालून बोलतो. कितीदा सांगायचं?

मागच्या वर्षी कळलं, बाई तळेगावच्या एका वृद्धाश्रमात आहेत. नातीला घेऊन गेले.

बाईंनी मला ओळखलं नाही. कुणालाच ओळखत नव्हत्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. थाळी, मिशा, छप्पन. त्या दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशा ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "चांगल्या होत्या हो त्या बाई."

"होत्या," मी म्हणाले.

नंतर दर महिन्याला जायचे. दर वेळी पहिल्यापासून सांगायचे. दर वेळी त्या तेच म्हणायच्या.

परवा स्मशानात त्यांच्याकडचं कुणी नव्हतं. आश्रमातली दोन माणसं आणि मी. रजिस्टरवाल्या मुलानं विचारलं, "मयताचं तुमच्याशी नातं काय, आजी?"

मी म्हटलं, "त्या माझ्या बाई."

त्यानं रकान्यात लिहिलं, 'ओळखीच्या'.

मी सही केली.

पण घरी आल्यापासून तो शब्द टोचतोय, म्हणून नातीकडून ही पोस्ट टाइप करून घेतेय. ओळखीच्या नव्हत्या हो. मला माणसात आणलं त्यांनी.

बाई, तुमच्या यमुनेचा शेवटचा नमस्कार.