दगडाबाईनं शेगडी पेटवली न्हाई

लिव, अश्विनी. तुमच्या शाळंत सैपाक करती ती दगडाबाई, तिचं लिव. मी बोलते तसंच लिव, पुस्तकातलं नको.

ती आन् मी एकाच साली या गावात नांदाया आलो. अक्षर तिलाबी येत न्हाई, मलाबी न्हाई. बारा वर्सं शाळंची खिचडी तीच शिजविती. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडाया जातं, पोरं ऱ्हात्यात म्हाताऱ्यांपाशी. त्यातल्या कितीकांचं खरं जेवान म्हंजी शाळंतलंच, हे तिला पक्कं ठावं.

यंदा थंडीत डाळीची गोणी आली. दगडाबाईनं सुपात वतली, तर डाळ कमी आन् सोंडेकिडेच जास्त. कुबट वास. शाळंच्या समितीचा अध्यक्ष भागवत तिथंच हुबा हुता. म्हनला, "मावशी, धुऊन घे. शिजल्यावर काय कळतंय?"

"खानाऱ्या पोराला कळतंय."

"माजा पोरगा तर काय बोलत न्हाई."

"तुजा पोरगा नगरला इंग्रजी शाळंत हाय बाबा. त्यो कशाला बोलंल?"

तिनं शेगडी पेटवलीच न्हाई. गोणी उचलून पंचायतीच्या दारात नेऊन ठिवली, तोंड उघडं टाकून. येनारा-जानारा बघू दे म्हनली.

पन साठ पोरं ताटं घिऊन बसलेली. त्यांना उपाशी ठिवून भांडायचं तिला जमना. पळत माज्याकडं आली. "लंके, भाकरी हायेत का टोपल्यात?"

सप्त्याला आपन कसं करतो, घरटी पाच भाकरी द्यायच्या आन् आमटी देवळापुढं एकाच कढईत. तसंच तिनं केलं. दारोदार हिंडली. बजरंगची बायको म्हनली, "सप्त्याला अजून लई अवकाश हाय की." दगडाबाई म्हनली, "ह्यो पोरांचा हाय. आन भाकरी."

पयल्या दिशी कमी पडल्या, एकेकाला अर्धीच आली. दुसऱ्या दिशी कुनी मेथी दिली, कुनी शेंगदान्याचं कूट. तू तर घरी येऊन म्हनलीस, आजी, रोज असंच आसू दे.

सहाव्या दिशी भागवत माज्या वट्यावर येऊन बसला. "लंकाकाकू, दगडाबाईला काढतोय. उद्यापासून तुमी करा सैपाक."

खरं सांगते, मन हाललं माजं. घरात चार पैशे आले आसते. मंग म्हनलं, "ती डाळ मीच शिजवायची आन् माज्याच नातीच्या ताटात वाढायची व्हय? दुसरं दार बघ."

त्यानं सात दारं बघितली. एकबी बाई तयार झाली न्हाई. उलट, वाटंनं त्याला ज्यो त्यो इचारायचा, "अध्यक्ष, गोणी कवा उचलताय?"

आठव्या दिशी तिसगावहून टेम्पो आला, नवी गोणी घिऊन. भागवत म्हनला, "झालं का आता समाधान?"

दगडाबाईनं गोणी सोडली. डाळ पाखडली, निवडली, शिजवाया टाकली. खिचडी झाल्यावर तिनं एक ताट वाढलं आन् पंगतीत मांडलं.

"बस भागवत. हे तुजं."

"मला काम हाय, मावशी."

"पोरं खोळंबल्यात," ती म्हनली. आन् पळी हातात धरून हुबी ऱ्हायली, त्यो मांडी घालून बसंस्तोवर.