पिशवीतलं जेवण

तोंड न उघडता माणूस जेवू शकतो, हे माझ्या माहेरच्यांना अजून पटलेलं नाही. मी फार्मासिस्ट आहे. माहेर पेडण्यातलं कोरगाव, सासर डिचोली, नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलात. ज्यांचं आतडं काही काळ बंद ठेवावं लागतं, त्यांना आम्ही शिरेतून जेवण देतो. साखर, प्रथिनं, क्षार, जीवनसत्त्वं आणि शेवटी दुधासारखं पांढरं स्निग्ध द्रव्य, सगळं एका पिशवीत. ती पिशवी मानेखालच्या मोठ्या शिरेला जोडली की माणूस थेंबाथेंबाने जेवत राहतो. एरवी या पिशव्या कंपनीकडून तयार येतात. त्या वर्षी त्या यायच्याच थांबल्या. पुरवठादाराला फोन केला की तो आधी माझ्या तब्येतीची चौकशी करायचा, तेव्हाच मी ओळखायची की माल नाही.

नेमक्या त्याच दिवसांत कोरगावची एक बाई भरती झाली. काजूच्या बागेत बोंडं गोळा करताना तिच्या पोटात कळ आली आणि आपल्या बायका करतात तेच तिने केलं, ओवा चावला आणि दुखणं अंगावर काढलं. आली तेव्हा आतड्याला पीळ पडून त्याचा बराच भाग काळा झाला होता. सर्जननी तो कापला आणि उरलेली टोकं शिवली. शिवण धरेपर्यंत तोंडावाटे पाण्याचा घोटही द्यायचा नव्हता, आणि शिवण धरायला अंगात प्रथिनं हवीत. बाई आधीच काटकुळी. पिशवी मिळाली तर ती जगणार होती, नाही मिळाली तर शिवण उसवणार होती.

मी कोरगावची असं कळल्यावर तिने मला आपलंच करून टाकलं. सकाळी वॉर्डात गेले की विचारायची, आज काय रांदलं गो माझ्या पिशवीत. मी म्हणायची, आज सुंगटांची आमटी, म्हणजे कोळंबीची. त्यावर ती, एवढी पांढरी आमटी तुझ्या सासरी करत असतील, आमच्यात नाही करत, असं ऐकवायची. नाकात नळी असलेल्या बाईने माझ्या सासरचा उद्धार करावा आणि मी ऐकून घ्यावं, असं आमचं जमलं होतं. तिच्या सासूबाईंनी एकदा देवळातला अंगारा आणला आणि थेट मानेखालच्या नळीला लावायला निघाल्या. सिस्टरने त्यांचा हात हवेतच धरला. त्या नळीला बोट लागलं तर जंतू सरळ रक्तात. अंगारा मग कपाळावर गेला आणि देवही राजी राहिला.

शेल्फावरच्या तयार पिशव्या संपत आल्या तेव्हा सर्जननी मला विचारलं की वेगवेगळ्या बाटल्या आणून पिशवी इथेच बनवणं जमेल का. मला कुणी 'जमेल का' असं विचारलं की न जमणारंही जमवायची खोड आहे. मी हे काम रीतसर शिकलेली होते आणि आमच्याकडे निर्जंतुक खोलीही होती, पण हाताची सवय गेली होती. जोडीला होता माझा सहकारी, दोडामार्गचा, वयाने माझ्याहून थोडा मोठा, शांत माणूस. मी एकेक पायरी मोठ्याने विचारायची आणि त्याने हात चालवत उत्तर द्यायचं, असं ठरलं.

त्याच्या घराण्याकडे गावच्या देवळातल्या गाऱ्हाण्याचा मान आहे. आमच्याकडे जत्रा असो, लग्न असो, जाणता माणूस नारळ हातात धरून देवापुढे गाऱ्हाणं घालतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "ग्लुकोज गेलं?" आणि मास्कमधून खर्जात उत्तर आलं, "व्हय म्हाराजा." मी एवढी हसले की चष्म्यावर वाफ धरली. मग ती आमची चालच पडली. कामाला लय आली, पिशव्या भराभर व्हायला लागल्या आणि आम्हाला वाटायला लागलं की आपण गड जिंकला.

या कामात कॅल्शियम आणि फॉस्फेट या सख्ख्या सवती. फॉस्फेट आधी घालायचं, पिशवी नीट घोळायची, आणि मगच कॅल्शियम. घाई केली की दोघींचं भांडण होऊन पिशवीत बारीक खडी धरते. म्हणून पांढरं द्रव्य घालायच्या आधी पिशवी काळ्या फळीपुढे, उजेडात धरून बघायची. एकदा पांढरं पडलं की आत काय झालंय ते देवालाही दिसत नाही.

एका सकाळी मी विचारलं, फॉस्फेट गेलं? व्हय म्हाराजा. पिशवी घोळली? व्हय म्हाराजा. कॅल्शियम? व्हय म्हाराजा. मी पिशवी फळीपुढे धरली. आत पिठाच्या धुळीसारखं काहीतरी तरंगत होतं. ते तसंच शिरेत गेलं असतं तर फुप्फुसांत जाऊन बसलं असतं, आणि ज्या बाईला आम्ही जगवत होतो तिला आमच्याच हातांनी मारलं असतं. पिशवी टाकून द्यावी लागली. तिच्यात प्रथिनांची आमच्याकडची शेवटची बाटली होती.

मी भडकले. मास्कच्या आत मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पिशवी घोळली नव्हती तर 'व्हय' कशाला म्हटलंत, हे मात्र मी त्याला बाहेर आल्यावर धड मराठीत विचारलं.

तो खाली बघून म्हणाला, "गाऱ्हाण्यात 'नाय' म्हणूची रीतच नाय, मॅडम. आपसूक तोंडातसून गेला."

माझ्या रागातली हवाच गेली. खरंच होतं ते. इतक्या वर्षांत इतकी गाऱ्हाणी ऐकली, पण मधेच कुणी 'नाय म्हाराजा' म्हटल्याचं मला आठवेना. देवापुढे ते ठीक आहे, तो सांभाळून घेतो. कॅल्शियम सांभाळून घेत नाही.

सर्जननी त्या दिवसापुरतं नुसतं ग्लुकोज चालू ठेवलं. आजचा दिवस निभेल, पण रोज असं चालणार नाही, एवढंच ते म्हणाले. मी फोन घेऊन बसले. गोव्यातलं एक हॉस्पिटल सोडलं नाही. सगळीकडे तीच टंचाई, सगळीकडे तोच नन्नाचा पाढा. शेवटी सिंधुदुर्गातल्या एका हॉस्पिटलात प्रथिनांच्या बाटल्यांची खोकी निघाली आणि त्यांच्याकडे त्या घटकेला गरजेचा रुग्ण नव्हता. आमची गाडी निघाली. बाईचा नवरा हट्टाने ड्रायव्हरशेजारी बसला. बाटल्यांना ऊन लागता कामा नये असं त्याला सांगितलं होतं. परत आला तेव्हा खोकी बायकोच्या चादरीत गुंडाळलेली आणि हा घामाने निथळत, कारण त्याने वाटभर गाडीच्या काचांना टॉवेल लावून ठेवले होते.

मधल्या वेळात मी आमची चाल बदलली. आता 'गेलं का' असं विचारायचंच नाही. 'हातात काय आहे' असं विचारायचं, आणि त्याने बाटलीवरचं अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवायचं. काही खटकलं तर 'नाय' म्हणायचं, आणि 'नाय' आलं की काम तिथल्या तिथे थांबणार, मग सर्जन दारात उभे का असेनात. त्याला हे फार जड गेलं. वरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे उद्धटपणात जमा. मी त्याला कॉफी प्यायला नेऊन तिथे 'नाय' म्हणायचा सराव करून घेतला. कॅन्टीनवाला समजला आमचं भांडण चाललंय.

दुसऱ्या दिवशी, सिंधुदुर्गातून आणलेल्यांतली पहिली बाटली त्याच्या हातात होती. वॉर्डातून दोनदा विचारणा झाली होती आणि मला घाई होती. मी विचारलं, हातात काय आहे. तो वाचायला लागला. कंपनी वेगळी, पण नाव तेच, प्रमाण तेच. मी पुढच्या पायरीवर नजर टाकली. तो मात्र शेवटच्या बारीक ओळीपर्यंत गेला आणि थांबला.

"नाय," तो म्हणाला. मग मान वर करून, जरा मोठ्याने, "नाय, मॅडम. ह्यात पोटॅशियम आधीच आसा."

आमच्या नेहमीच्या बाटलीत पोटॅशियम नसायचं, ते आम्ही वेगळं घालायचो. त्या दिवशीही भरलेली सिरिंज बाजूला तयारच होती. आधीचं आणि वरचं मिळून दुप्पट झालं असतं, आणि दुप्पट पोटॅशियम काळीज बंद पाडायला पुरतं. मी सर्जनना बोलावलं, तिघांनी बसून सगळं प्रमाण नव्याने काढलं, आणि ती पिशवी नितळ झाली. तिच्यात पांढरं पडलं तेव्हा ते नारळाच्या पहिल्या रसासारखं दाट दिसलं, कुठे फुटलं नाही. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, पण कॉफी पाजली. कॅन्टीनवाल्याला वाटलं, मिटलं एकदाचं.

पुढे त्या बाटल्यांवर आम्ही पिशवीमागून पिशवी केली. पोटावरच्या जखमेतून पाणी यायचं थांबलं. बाईच्या गालांवर मांस दिसायला लागलं आणि जीभ तर पहिल्यापासून धष्टपुष्टच होती. मग पोटात गुरगुर सुरू झाली आणि अख्ख्या वॉर्डाने ती बातमी एकमेकांना दिली. आधी पाणी, मग पेजेची निवळ, आणि हळूहळू पिशवी लहान होत गेली. कंपनीच्या तयार पिशव्यांचे खोके अखेर आमच्या दारात उतरले तेव्हा मी तिच्या नावाने वॉर्डात फोन केला. सिस्टर म्हणाली, तिला आता नको, सकाळीच बंद केली. मी खोके तिथेच टाकले आणि वर धावले.

ती जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात बसली होती. पुढ्यात वाटीभर पेज, भातासकट, बाजूला मिठाची चिमूट. सासूबाई कुलेर, म्हणजे चमचा, घेऊन भरवायला वाकल्या तर तिने हात बाजूला सारला आणि वाटीच तोंडाला लावायला उचलली. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून बघत होते. किती आठवडे तिच्या तोंडात जायचं ते सगळं माझ्या हातांतून गेलं होतं, आणि तिला गिळताना मी एकदाही बघितलं नव्हतं. मला डोळे हलवता येईनात.

तिने वाटी अर्ध्यावर थांबवली. "अशी तोंडाकडे बघू नको गो. दिष्ट लागतली. तिकडे बघ."

मी वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते तिला दिसू नये हेही बरंच झालं. मागून भुरका ऐकू आला, मग घोट, मग पुन्हा भुरका, आणि वाटी रिकामी होऊन टेबलावर ठेवल्याचा आवाज येईपर्यंत मी मागे बघितलं नाही.