भागधारकांची बैठक

धोरणाचा अभ्यास करताना तुम्ही लोकांचं म्हणणं ऐकता, की फक्त बोलावल्यावर आलेल्यांचं?

श्रीगोंद्याकडच्या एका गावात पाणी पाझरून जाऊ नये म्हणून कालव्याला सिमेंटचं अस्तर करायचं घाटत होतं. त्याबद्दल लोकांना काय वाटतं, हे मुलाखतींतून समजून घेणाऱ्या गटात मी होते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आमची सूचना लागली: ‘सर्व भागधारकांनी बैठकीस यावे.’ या निर्णयाची झळ ज्याला लागेल तो भागधारक, असा आमच्या कागदांतला अर्थ.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात या शब्दाला एकच अर्थ आहे: कारखान्याचा शेअर असलेला. देवळाचा सभामंडप भरला तो कारखान्याच्या सभासदांनी. एकाने शेअरचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. “औंदा सभासदांची साखर कधी वाटणार?” हा पहिला प्रश्न. गैरसमज मिटल्यावरही मंडळी थांबली आणि अस्तराला एकमुखाने हो म्हणाली. पाझरून जाणारं पाणी त्यांच्या उसाला मिळणार होतं. त्यात गैर काही नव्हतं.

कालव्याखालच्या बौद्ध वस्तीतून मात्र कोणीच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिकडे गेले. विहिरीवर सासू-सून पाणी शेंदत होत्या. “काल बैठकीला का नाही आलात?” मी विचारलं.

“आमचा कुठं शेअर हाय, ताई?” सून हसली. “सासूबाईंनी लपवून ठिवला असंल तर त्यास्नी इचारा.”

“व्हय, तुझ्या नवऱ्याच्या नावावर केलाय,” सासू म्हणाली. मग दोर हातात धरूनच बोलली, “कालव्याचं पाझरतं तवा ह्या हिरीला पानी येतं. पाझर बंद केला तर आमी प्यायचं काय?”

वस्तीला दुसरी विहीर नव्हती.

“बैठकीतलं मत मुख्य,” आमच्या गटप्रमुख बाई म्हणाल्या. “हे परिशिष्टात घालू.” मी भांडले. अशा अभ्यासात हात किती वर झाले ते मोजायचं नसतं, कोणाचं काय जाणार आहे ते बघायचं असतं, असं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. अहवालाच्या मसुद्यात ‘एकमताने पाठिंबा’ हे शब्द तसेच राहिले आणि विहीर शेवटच्या पानावर गेली. तिथवर साहेब लोक वाचत नाहीत.

मसुदा अजून हरकतींसाठी खुला आहे. तुम्ही या कालव्यावर राहत असाल, ऊस तुमचा असला तरीही, हा मसुदा मागून घ्या. वस्तीच्या पिण्याच्या पाण्याची सोय झाल्याशिवाय काम सुरू करू नये, एवढी एक ओळ लिहा, खाली सही करा आणि या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या कार्यालयात द्या.