ढोल नसलेला अल्बम आणि पांढरकवड्यातलं एक घर

टिपेश्वर अभयारण्यात जायचं असं मी आठ महिने नुसतं म्हणत होते. ठरलं ते एका गुरुवारी, आणि वाघामुळे नाही.

शिल्पाचा फोन आला. शिल्पा म्हणजे आमची डान्स फिटनेसची मॅम. नागपुरात मनीषनगरमध्ये एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ती सकाळी सहाची बॅच घ्यायची. आम्ही अकरा जणी, पस्तिशी ते पन्नाशीच्या, त्यात मी सगळ्यांत थोरली. पावणेदोन वर्षांपूर्वी तिने तो क्लास बंद केला.

"वंदनाताई, उद्या बाईचा अल्बम येऊन राहिला," ती म्हणाली.

बाई म्हणजे लॅटिन अमेरिकेतली एक पॉप गायिका. तिचं नाव आमच्यातल्या एकीलाही धड घेता यायचं नाही, म्हणून ती आमच्यासाठी नुसती 'बाई'. स्पॅनिशचा एक शब्द कळत नव्हता, तरी तिच्या प्रत्येक गाण्यावर कुठे टाळी, कुठे गिरकी, हे आम्हाला झोपेतही सांगता आलं असतं. शिल्पाचा अख्खा क्लास तिच्यावरच चालायचा. ट्रम्पेट, टाळ्या आणि थेट छातीत वाजणारा ढोल. मग बाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि सहा वर्षं तिचं एकही नवं गाणं आलं नाही.

"मले क्लास सुरू करायचा आहे पुन्हा," शिल्पा म्हणाली. "बाई परत येऊ शकते तर मी काहून नाही? पण त्याच्या आधी ज्योतीच्या आईले भेटायचं आहे. एकटीनं जायची हिंमत नाही होऊन राहिली."

ज्योती आमच्या बॅचमधली. क्लासमध्येच, गाणं सुरू असताना ती कोसळली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत गेली. एक्केचाळीस वर्षांची होती. तिचं माहेर पांढरकवड्याचं, आणि टिपेश्वरला जायचं तर पांढरकवड्यावरूनच जावं लागतं. मी म्हटलं, गाडी मी काढते. शनिवारी तिच्या आईकडे जाऊ, रात्री अभयारण्याजवळ राहू, रविवारी सकाळची सफारी करून परत. शिल्पाला सोबत म्हणून जातेय, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. अल्बम आधी ऐकायचा नाही, गाडीत दोघींनी मिळून ऐकायचा, असंही ठरलं.

शनिवारी साडेसहाला निघालो. जानेवारीतला गारठा होता, काचेवर आतून वाफ धरत होती. जाणाऱ्यांसाठी सांगते: नागपूरहून पांढरकवडा दीडशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता चौपदरी आणि चांगला. टोल आहेत, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. बुटीबोरीच्या अलीकडे मात्र सातच्या सुमाराला कंपन्यांच्या बसेस, मफलर गुंडाळलेले सायकलवाले आणि ट्रक एकदम येतात. तेवढा पट्टा घाई न करता काढा.

बुटीबोरी मागे पडल्यावर शिल्पाने अल्बम लावला. मांडीवर वही, हातात पेन. नवं गाणं आलं की ती आठ-आठ मात्रांचे डबे आखून त्यात स्टेप्स लिहिते, ही तिची जुनी पद्धत.

पहिल्या गाण्यात सुरुवातीला नुसती गिटार, आणि गिटारच्या मागे श्वास. मग आवाज आला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तो आवाज बाईचा वाटेचना. जाड, खरखरीत, पूर्वीपेक्षा कितीतरी खाली उतरलेला. जिथे पूर्वी ती वर झेप घ्यायची तिथे आता थांबत होती आणि त्या थांबण्यातला श्वास तसाच ऐकू येत होता.

"इंट्रो असेल," शिल्पा म्हणाली. "आता ढोल येईल."

ढोल आला नाही. दुसऱ्या गाण्यातही नाही. तिसऱ्यात कोणीतरी लाकडी खोक्यावर बोटांनी ठोका धरल्यासारखं वाजत होतं, तेवढंच. शिल्पा 'पाच, सहा, सात, आठ' असं ओठांतल्या ओठांत मोजायची आणि अध्येमध्ये तिची मोजणी तुटायची. चौथ्या गाण्याला तिने वही मिटली.

"ताई, ह्याच्यावर पाय कुठे टाकू मी?"

जांबच्या चौकात नाश्त्याला थांबलो. तर्री पोहे आणि आलूबोंडा. तर्री, म्हणजे वरून ओततात तो तिखट रस्सा, वेगळी मागा, नाहीतर ते अंदाज न घेता ओततात आणि पुढचा प्रवास पोटात आग घेऊन करावा लागतो. दोघींचं चहासकट दीडशेच्या आत झालं. तिथे मी फोनवर बाईची मुलाखत वाचली, भाषांतर करून. ऑपरेशननंतर तिचे वरचे सूर गेले ते गेलेच. मशीनने आवाज सरळ करून देऊ, जुन्यासारखं करू, असं कंपनीवाले म्हणत होते. तिने नाही म्हटलं. जेवढा आवाज उरला तेवढ्यातच गाईन, असं तिचं म्हणणं.

"चांगलं आहे तिचं," शिल्पा म्हणाली. पोहे तिने अर्धे ठेवले होते.

हिंगणघाटला कापसाने शिगोशीग भरलेले टेम्पो रांगेत उभे होते. रस्त्याच्या कडेला, बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते. वर्धा नदीचा पूल ओलांडला, वडकी गेलं आणि आठवं गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला शिल्पाचा हात माझ्या दंडावर आला.

जुनंच गाणं होतं. बाईचं सगळ्यांत गाजलेलं, आमच्या क्लासमधलं शेवटचं, सगळ्यांत जोरात वाजणारं. त्याच गाण्यावर ज्योती पडली होती. ते बाईने नव्याने गायलं होतं, ढोल काढून, निम्म्या वेगात. मी थांबवायला हात पुढे केला.

"राहू द्या," शिल्पा म्हणाली.

इतकी वर्षं मला ते जत्रेतलं मजेचं गाणं वाटायचं. जत्रेतलंच आहे, पण वाट पाहणाऱ्या एका स्त्रीचं आहे. माणूस येत नाही, आणि लोकांना ते दिसू नये म्हणून ती नाचत राहते. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी गाडीत शब्द कळत नव्हते, तरी एवढं समजलं की ह्यात आनंद कुठेच नव्हता. आम्हीच तो ढोलावरून धरून घेतला होता.

करंजी आलं तशी शिल्पाने अल्बम बंद केला. मग म्हणाली, "ज्योतीनं मले सांगितलं होतं ना त्या दिवशी. मॅम, छातीत जड वाटून राहिलं, ॲसिडिटी असेल. मी म्हटलं, बस थोडी बाकावर. मग शेवटचं गाणं लावलं, वळून पाहिलं तर ती लाईनीत उभी. मले तवाच थांबवायले पाहिजे होतं."

मी रस्त्याकडे पाहत राहिले. ती लाईनीत कशी आली, ते मला ठाऊक होतं.

ज्योतीचं माहेर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. बैठं घर, दारात स्कूटर, ओट्यावर वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगा. तिच्या आईंनी दार उघडलं. सत्तरीच्या, ताठ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. ज्योतीची वहिनी चहा आणि चिवडा ठेवून दाराशी उभी राहिली.

"नागपूरहून आल्या? बसा जी. उन्हात बसा, थंडी आहे," आई म्हणाल्या.

शिल्पाने हात जोडले आणि तिला रडू फुटलं. "आई, माफ करा मले. माझ्या क्लासात झालं ते."

"तुमची काय चूक त्याच्यात?" आई शांतपणे म्हणाल्या. "जावई सांगत होते, हसत-नाचत होती, अन् एका क्षणात गेली. तिले काही समजलंच नाही म्हणे. मी लय मरणं पाहिली बाई, असं सुखाचं थोडीच असते कोणाचं? तेवढ्यावरच जगून राहिली मी."

तिथेच थांबायला हवं होतं. आज मला असं वाटतं. पण शिल्पा ज्यासाठी आली होती ते सांगितल्याशिवाय ती तिथून उठणार नव्हती.

"तिनं सांगितलं होतं आई. छातीत जड वाटते म्हणून. मी बसवलं होतं तिले. मग ती आपल्यानं उठून लाईनीत आली, अन् मी तिले थांबवलं नाही."

आईंचा कप बशीवर टेकला. शिल्पा खाली मान घालून बसली होती, आणि पावणेदोन वर्षं ती अशीच बसली आहे हे मला दिसत होतं.

"आपल्यानं नाही उठली," मी म्हटलं. "मी उठवलं. शेवटचं गाणं लागलं, आमचं आवडतं. मी तिचा हात धरून ओढलं. म्हटलं, चल वं आळशी. तिचा हात घामानं ओला होता. मी माझा हात टी-शर्टला पुसला आणि नाचले."

शिल्पाने मान वर केली. मी तिच्याकडे पाहू शकले नाही, आईंकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा बदलला होता. त्या आता आई नव्हत्या, वॉर्डात उभ्या होत्या.

"घाम थंड होता का?"

"हो."

"बसली होती किती वेळ?"

"दहा मिनिटं असतील."

"दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच पुन्हा, "दहा मिनिटं होती म्हणजे. मले फोन केला असता तरी मी ओळखलं असतं."

वहिनी पुढे आली. "कायले आल्या तुम्ही? आता कुठं आईले रात्रीची झोप लागून राहिली होती. तुमचं मन हलकं करायले आल्या का? जा तुम्ही. जा."

आम्ही उठलो. आईंनी आमच्याकडे पाहिलं नाही. त्यांची बोटं मांडीवर हलत होती, काहीतरी मोजत असल्यासारखी.

गाडीशी आल्यावर शिल्पा म्हणाली, "दवाखान्यात तुम्ही माझ्या बाजूले बसून होत्या, ताई. ज्योतीचा नवरा मले नाही नाही ते बोलला, तेव्हाही तिथंच होत्या. पाठीवर हात फिरवत होत्या माझ्या."

"हो."

"मले रोज वाटायचं, ती उठली तर मले दिसली काहून नाही."

मी गाडीचं दार उघडलं.

राहायची सोय चांगली होती, स्वच्छ खोली, गरम पाणी, रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी, झुणका आणि वांग्याचं भरीत. शिल्पाने वेगळी खोली मागून घेतली. रविवारी सहाला टिपेश्वरच्या सुन्ना गेटवर पोहोचलो. बुकिंग आधी ऑनलाइन करा, बुकिंगला दिलेलंच ओळखपत्र मूळ प्रतीत घेऊन जा, उघड्या जिप्सीत कानटोपी आणि जाड शाल हवीच. दर बदलत असतात म्हणून इथे देत नाही.

आणि हो, वाघीण दिसली. दोन बछड्यांसह, जिप्सीपासून पंधरा-वीस पावलांवर, सावकाश रस्ता ओलांडून गवतात गेली. गाईड कुजबुजला, "नशीबवान आहा मॅडम." आमच्या दोघींच्या मधली सीट रिकामी होती. शिल्पा वाघिणीकडे पाहत होती आणि तिचे डोळे वाहत होते. मी फोटो काढला. हललेला आला आहे, म्हणून इथे टाकला नाही.

परतताना गाडीत काहीही लावलं नाही. बुटीबोरीला शिल्पा म्हणाली, "इथं उतरवा, माझी बहीण राहते." तिने पेट्रोलचे पैसे डॅशबोर्डवर ठेवले. मी नको म्हटलं. तिने ते उचलले नाहीत. दार मात्र हळू लावलं.

ह्या गोष्टीला महिना झाला. त्या अल्बमबद्दल बरंच लिहून आलं आहे. बऱ्याच लोकांना तो आवडला नाही, जुनी बाई कुठे गेली असं विचारतात. मी तो बसमधून सदर भागातल्या ऑफिसला जाताना रोज ऐकते. मला आवडतो असं म्हणणार नाही. पण जुनी गाणी आता ऐकवत नाहीत, त्यातल्या ढोलाखाली काय काय झाकलं जातं ते मी पाहिलं आहे.

शिल्पाने क्लास सुरू केल्याचं बॅचमधल्या एकीकडून कळलं. दुसऱ्या हॉलमध्ये, सात जणी. गाणी हळू आवाजात असतात आणि कोणाला जरा बरं वाटत नसेल तर तिला सोबत देऊन घरी पाठवते. मला बोलावलं नाही. बरोबरच केलं.

हे सगळं ब्लॉगवर लिहावं का, हे ठरत नव्हतं. गेल्या मंगळवारी संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ज्योतीची आई बोलून राहिली. सुनेनं ज्योतीच्या जुन्या वहीतून तुमचा नंबर काढून दिला. एक विचारायचं होतं. तुम्ही ओढलं तेव्हा ती काही बोलली का?"

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. शिल्पालाही नाही, त्या दिवशी त्या घरातही नाही.

"बोलली," मी म्हटलं. "थांब ना ताई, म्हणाली."

पलीकडे नळाचं पाणी बादलीत पडत असल्याचा आवाज येत होता.

"मग?"

"मग उठली."

"हसली?"

हो म्हणणं फार सोपं होतं. "नाही, आई. हसली नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "मले सगळं पाहिजे, पहिल्यापासून. पण आज एवढंच बस. उद्या करतो मी फोन."

दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळेला फोन वाजला. मी दार लावून घेतलं, खुर्ची ओढून बसले आणि ज्योती त्या सकाळी हॉलचा जिना चढून आली तिथपासून सांगायला सुरुवात केली.