ट्रॅकपॅडवरचं कुंकू

माऊस घ्यावा का ट्रॅकपॅडवरच भागवावं, हे पाहाले तुम्ही आले असाल त आधीच सांगतो. सेल किती महिने पुरते, क्लिकचा आवाज किती येते, यातलं मले काही विचारू नका. अन् शेवटी शहाण्यासारखं तोंड करून "ज्याची त्याची गरज" असंही मी म्हणणार नाही. आमच्या ऑफिसात या भांडणाचा निकाल गरजेनं लागला नाही, कुंकवानं लागला. आता तुम्ही म्हणाल, कुंकू आलं म्हणजे लग्नाबिग्नाची गोष्ट असन. तेही नाही. बसा चुपचाप.

मी भिवापूरचा, मिरच्याईच्या गावचा. शाळेत मास्तराईच्या नकला करून मार खाल्ला, कॉमर्स करून नागपूरले आलो अन् रामदासपेठेत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात लागलो. नोकरी हिशोबाची, पण डबे उघडले का ताई म्हणत, "चाल, आज कोणाचा आवाज काढतं?" या ताई एंट्र्या मारत. सर म्हणजे मालक. अन् चौथे काका, सगळ्यात जुने, सरच्या वडिलाईच्या काळापासूनचे. काकाची खुर्ची दारासमोर. पार्टी, म्हणजे आमचं गिऱ्हाईक, आली का आधी काकाले नमस्कार करे, मंगच सरच्या केबिनीत जाय.

पावसाळा सरता सरता सरनं जुने कॉम्प्युटर काढले अन् सगळ्याईले लॅपटॉप देले. ताईनं माऊसचं नाव काढलं त सर म्हणाले, "कंपनीनं बोटाखाली पट्टी देली न? मंग वरून उंदीर काहून पाळायचा?" सरचा आवाज काढणं सोपं हाये. प्रत्येक वाक्य कोर्टाचा निकाल वाचल्यासारखं वाचा, झालं.

मले पट्टी जमली, ताईले रडतपडत जमली. काकाले नाही. त्याईनं दोन दिवस पाहिलं अन् सीताबर्डीवरून स्वतःच्या खिशातून वायरलेस माऊस आणला. आमच्या टेबलावर काच. काचेवर त्या माऊसचा बाण जागचा हालेना. मंग काकानं कोणाची तरी लग्नपत्रिका खाली ठेवली, अन् बाण असा पळाले लागला जसा वरातीले उशीर झाला.

तेवढ्यात सरनं पाहिलं.

"काका, आज तुम्ही आणला, उद्या ताई मागन, परवा हा पोट्टा मागन. एका ऑफिसात एकच कायदा. खंडेनवमीपर्यंत पट्टी शिकून घ्या. नाही जमलं त मंग बाहेरची कामं पाहा. बँक, फायली पोचवणं. तुमच्या खुर्चीवर कोणी नवीन बसवतो."

सर रागानं नाही बोलले, म्हणूनच जास्त लागलं. काकाले उन्हाची भीती नव्हती. पण आजवर ज्या पार्ट्या त्याईले वाकून नमस्कार करत, त्याच उद्या म्हणणार, "काका, जरा हे कागद पोचवता का?" त्याईनं माऊस ड्रॉवरात टाकला.

शिकवायचं काम माझ्यावर आलं.

"काका, बोट ठेवा. आता सरकवा. हळू."

बाण गायब.

"कुठं गेला बे?"

"वर कोपऱ्यात, काका. घड्याळापाशी."

"तिथं काय काम त्याचं?"

"तुम्हीच पाठवला."

"मी त घरी बोलावून राहिलो होतो त्याले."

दुसऱ्या दिवशी पान खाली-वर करणं शिकवलं. मी म्हटलं, "काका, आता दोन बोटं वर करा." काकानं दोन बोटं उचलली अन् छताकडं केली. ताई मान वर न करता म्हणाल्या, "जा काका, शाळा नाही हे. कोणी अडवलं नाही तुम्हाले."

काकाले खर्ऱ्याची सवय, म्हणजे चुन्यात घोटलेली तंबाखू-सुपारी. पन्नीतून चिमूट काढली का बोटाले चुना लागे. एकदा तेच ओलं बोट पट्टीवर ठेवलं, अन् बाणाच्या अंगात आलं. तीन फायली उघडल्या, एक बंद झाली, पडद्यावरची अक्षरं भोपळ्याएवढी झाली. काका हात वर करून म्हणाले, "मी काही केलं नाही बाप्पा." मी पट्टी पुसली, सगळं शांत झालं. म्हणजे पट्टीले ओलं खपत नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळून राहिला होता.

खंडेनवमी आली. आमच्या ऑफिसात पूजा सर स्वतः करतात. भटजी बोलावत नाहीत, कारण मी हाये. "भटजी, करा सुरू," सर म्हणाले. टेबलावर चारही लॅपटॉप उघडून ठेवले होते. बाजूले कॅल्क्युलेटर, स्टेपलर, पंचिंग मशीन, सरच्या गाडीची किल्ली. काकाचा माऊस नव्हता. ताईनं विचारलं त काका म्हणाले, "ज्याले ऑफिसनं मानलं नाही ते हत्यार कसं?"

मी पंचा म्हणून ताईची ओढणी खांद्यावर टाकली अन् नाकातून आवाज काढला. "यजमान, कुंकू हत्याराच्या मुठीले लावावं, असं शास्त्र हाये. तलवारीची मूठ माहीत हाये. लॅपटॉपची मूठ कोणती बरं?"

सर विचारात पडले.

"जिथं हात पडते तेच मूठ," ताई म्हणाल्या. त्याईले माझ्या मनातलं काही माहीत नव्हतं, पण साक्ष अशी पडली का मी मनातल्या मनात दंडवत घातलं.

सरनं वाटीतल्या ओल्या हळदीकुंकवात अंगठा बुडवला अन् पहिल्या पट्टीच्या मधोमध टेकवला.

"सढळ हातानं, यजमान. वर्षभराचा धंदा हाये."

सर हसले अन् चारही पट्ट्याईवर रुपयाएवढं कुंकू भरलं. आरती झाली, पेढे वाटले, अन् सरचा फोन वाजला. एक पार्टी होती. तिचं रिटर्न भरायची शेवटची तारीख आजच होती, अन् सहीचा कागद तिनं आता पाठवला होता. शिव्या गिळत सर लॅपटॉपपुढं बसले.

बाण तापल्या तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखा नाचाले लागला. सरनं नाव शोधलं त कॅलेंडर उघडलं. कॅलेंडर बंद केलं त आरतीचा फोटो कोण्या पार्टीले जाता जाता राहिला. सर घामाघूम झाले अन् त्याईनं खिशातून रुमाल काढला.

"सर," ताई म्हणाल्या, "कुंकू पुसता?"

"मंग काय करू?"

"पुसा बाप्पा, ऑफिस तुमचं हाये. पण आज खंडेनवमी हाये, अन् मी समोर उभी हावो. घरी वहिनीले काय सांगाल ते पाहा."

सरचा रुमाल जिथल्या तिथं थांबला. "दुसरा लॅपटॉप द्या."

दुसऱ्यालेही कुंकू. तिसऱ्यालेही. चौथ्यावर त नुसतं वाहून राहिलं होतं. टॅबचं बटण दाबत दाबत सगळा फॉर्म भरता येते हे मले माहीत होतं, पण माझ्या तोंडात पेढा होता.

तेव्हा काकानं ड्रॉवर ओढला. माऊस काढला, त्याचं नखाएवढं पिल्लू सरच्या लॅपटॉपले खोचलं, लग्नपत्रिका काचेवर ठेवली अन् म्हणाले, "सर, जरा सरका."

सर सरकले. काकानं एकेक रकाना भरला, आकडे दोनदा तपासले, सहीचा कागद चढवला अन् रिटर्न गेलं. सर मागं उभे राहून असे पाहून राहिले होते, जसे आज तेच नवीन नोकरीले लागले. मंग घसा साफ करून निकाल वाचला, "दसरा झाला का सगळ्याईले माऊस मागवा. अन् काका, बाहेरच्या कामाचं मी सहज म्हटलं होतं."

मी ताईकडं पाहिलं, ताईनं माझ्याकडं. मनात म्हटलं, जमलं.

"चाल बे, खाली," काका मले म्हणाले.

खाली पानठेला. मले वाटलं काका आज थंडा पाजतात. त्याईनं खर्ऱ्याची पन्नी काढली, पण उघडली नाही.

"कुंकवात पाणी कोणं टाकलं?"

"हळदीकुंकू ओलंच असते, काका."

"ओलं असते. वाहत नसते."

मी चप्पल पाहाले लागलो.

"माझ्यासाठी केलं न तू? मी म्हटलं होतं तुले? आठ दिवस झाले, मी घरी परातीत पीठ पसरून त्याच्यावर बोटं फिरवून राहिलो. एक बोट, दोन बोटं. तुझी काकू म्हणे, पोळ्या करायच्या हायेत, तुमचं ऑफिस उचला. काल तुम्ही दोघं जेवत होते तेव्हा मी त्या पट्टीवर अख्खी फाईल उघडली, खाली नेली, वर आणली, बंद केली. आज पूजा झाली का सरले दाखवणार होतो."

"मले काय माहीत, काका? मले वाटलं तुमची खुर्ची..."

"खुर्ची माझी, गेली असती त माझी गेली असती. तुले मधात कोणं बोलावलं? आता सर जन्मभर म्हणतीन, बुढ्याले पट्टी जमली नाही म्हणून माऊस घेतले. अन् तो भटजी. सढळ हातानं म्हणे. पाणी आत जाऊन लॅपटॉप जळला असता त तुझ्या बापानं मिरच्याचं पोतं पाठवून भरून देलं असतं का? दात काढू नको. मी मजाक नाही करून राहिलो. परवा सगळ्याईच्या आधी ये अन् चारही पट्ट्या कोरड्या फडक्यानं पूस. मंग सर आले का त्याईच्या समोर मी माऊस बाजूले ठेवतो अन् पट्टीवर फाईल उघडून दाखवतो. तू उभं राहायचं अन् सांगायचं का काकाले आधीच येत होतं. माझा आवाज काढून नाही, भटजीचा त नाहीच. सरळ सांगायचं. समजलं का बह्याडा?"